अपडेट आला आणि मॉड बसले

११ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘स्कायरिम’ हा गेम दहा वर्षांचा झाला. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने मुहूर्त साधून त्याच दिवशी गेमची ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ काढली. एरवी अशा वेळी चाहते दिवस मोजत बसतात. या वेळी त्यांच्यातले जुनेजाणते मात्र धास्तावले होते. गेमच्या आख्ख्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा, असे ते एकमेकांना बजावत होते. काही दिवस आधीच त्यांना इशारा मिळाला होता की नवी आवृत्ती तयार करताना कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या सूचनांत उतरवणारा प्रोग्रॅम, बदलला आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ जाऊन त्याच्या जागी २०१९ आला आहे, आणि त्यामुळे गेमच्या पोटात शिरून काम करणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्या, किती काळ बंद राहतील याचा भरवसा नाही.

हा इशारा कंपनीचा नव्हता. ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ नावाचा फुकट मिळणारा प्लगिन सांभाळणारा एक छोटा गट आहे, त्यातल्या एका प्रोग्रॅमरने तो दिला होता. कंपायलर कोणता वापरला ही खरे तर कंपनीच्या घरातली बाब. गेम विकत घेणाऱ्याला त्याचे सोयरसुतक असायचे कारण नाही. पण दहा वर्षांत या गेमभोवती जे उभे राहिले होते, त्याचा बराच भाग या एका तपशिलावर टेकलेला होता. व्यापारी सॉफ्टवेअरवर हौशी लोकांनी बांधलेले काम कसे टिकते आणि कुठे मोडते हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

स्कायरिम २०११ मध्ये आला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने ‘क्रिएशन किट’ हे स्वतःचे अवजार लोकांना मोफत दिले. त्यातून कोणीही नवी तलवार, नवे गाव, नवी पात्रे, त्यांचे संवाद असे काहीही रचू शकतो. वर ‘पॅपिरस’ नावाची एक स्क्रिप्टची भाषाही आहे. इथपर्यंत सगळे राजमार्गाने चालते. पण पॅपिरसचे हात तोकडे आहेत. खेळणाऱ्याने कीबोर्डवरची कोणती कळ दाबली हे तिला कळत नाही. एखाद्या शब्दात अक्षरे किती, एवढा साधा हिशेबही तिला येत नाही. स्क्रिप्ट एक्स्टेंडरने हे आणि असे बरेच काही तिला शिकवले. शिवाय इतर मॉडरांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या डीएलएल फाइली (चालू प्रोग्रॅमला जोडता येणारे कोडचे गठ्ठे) गेममध्ये चढवण्याची सोय केली. म्हणजे हा नुसता प्लगिन राहिला नाही, इतर प्लगिनांचे जोते झाला.

ही परंपरा स्कायरिमच्याही आधीची. ‘ऑब्लिव्हियन’ (२००६), ‘फॉलआउट ३’ (२००८), ‘न्यू व्हेगस’ (२०१०) या प्रत्येक गेमला असा एक एक्स्टेंडर आहे, आणि पुढे ‘फॉलआउट ४’ (२०१५) व ‘स्टारफील्ड’ (२०२३) यांनाही तो मिळाला. कंपनीने यांपैकी एकही मागवला नव्हता आणि एकासाठीही पैसे मोजले नव्हते.

आता जरा आत शिरू. एक्स्टेंडर गेमच्या मूळ एक्झी फाइलला, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला, डिस्कवर हात लावत नाही. त्याचा छोटा लोडर आधी गेम सुरू करतो आणि गेम मेमरीत उतरत असतानाच आपली डीएलएल त्यात घुसवतो. मग ती डीएलएल ठरावीक जागी जाते आणि तिथल्या मूळ सूचना बदलते. नेहमीची युक्ती पाच बाइटांची. एक बाइट ‘उडी मार’ या सूचनेचा आणि चार बाइट किती अंतरावर उडी मारायची त्याचे. गेमचा प्रोग्रॅम त्या ओळीवर आला की उडी मारून मॉडरच्या कोडमध्ये जातो, तिथले काम उरकतो आणि मूळ वाटेवर परत येतो. यालाच हुक टाकणे म्हणतात. चार बाइटांत जास्तीत जास्त दोन जीबी इकडे किंवा तिकडे जाता येते. त्यामुळे ६४ बिटांच्या गेममध्ये मॉडरचा कोड फार लांब पडला तर मधे टप्पा घ्यायला जवळपासच मेमरीचा एक तुकडा राखून ठेवावा लागतो. एवढी कसरत करून हुक बसतो आणि एका बाइटाने जागा चुकली तर गेम जागच्या जागी कोसळतो.

सगळी मदार त्या ‘ठरावीक जागी’ या शब्दांवर आहे. कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या मूळ कोडमध्ये प्रत्येक फंक्शनला नाव असते. कंपायल झाल्यावर नावे गळून पडतात आणि उरतात फक्त आकडे: प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून अमुक इतक्या बाइटांवर हे फंक्शन, तमुक इतक्यांवर ते. एक्स्टेंडर बांधणाऱ्यांनी डिसअसेम्ब्लरमध्ये (यंत्राच्या सूचना वाचता येतील अशा रूपात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक्झी उघडून, महिनोन्महिने डोळे फोडून, कोणता आकडा म्हणजे कोणते काम हे शोधून काढले आणि ते आकडे आपल्या कोडमध्ये लिहिले. नवख्या पोस्टमनने माणसांची नावे न विचारता फक्त घरांचे क्रमांक पाठ करावेत, तसे हे. कंपनीने कुठेतरी चार ओळी वाढवून गेम पुन्हा कंपायल केला की त्या चार ओळींच्या पुढची सगळी घरे सरकतात. पोस्टमन इमानेइतबारे जुन्याच क्रमांकावर जातो आणि तिथे आता भलताच कोणी राहत असतो.

म्हणूनच स्क्रिप्ट एक्स्टेंडरच्या मुख्य फाइलच्या नावातच गेमची आवृत्ती असते: १.५.९७ साठी एक फाइल, पुढच्या आवृत्तीसाठी दुसरी. लोडर आधी गेमचा आवृत्ती क्रमांक तपासतो आणि जुळला नाही तर चालायलाच नकार देतो. नवा अपडेट आला असेल तर जरा धीर धरा, आम्ही कामाला लागलो आहोत, ई-मेल पाठवू नका, अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर येतो. ‘ई-मेल पाठवू नका’ हे वाचून मला हसू येते, पण त्यामागे किती पत्रांचा अनुभव असेल याची कल्पना करता येते.

हा नकार म्हणजे आडमुठेपणा वाटेल. मला तो या सगळ्या रचनेतला सर्वांत समजूतदार निर्णय वाटतो. कारण चुकीच्या जागी पडलेला हुक निदान लगेच बोंब मारतो. त्याहून वाईट प्रकार शांतपणे घडतो. समजा, गेमच्या मेमरीत एका पात्राची माहिती सलग मांडलेली आहे आणि ५६व्या बाइटवर त्याच्या हातातल्या शस्त्राचा पत्ता आहे. नव्या आवृत्तीत कंपनीने त्याच्या आधी आठ बाइटांची एक नोंद घातली की शस्त्र जाते ६४व्या बाइटवर. जुना प्लगिन ५६व्या बाइटवर लिहीतच राहतो. गेम कोसळत नाही, दोन तास व्यवस्थित चालतो. मधे खेळणारा सेव्ह करतो, बिघडलेली माहिती सेव्ह फाइलमध्ये जाते आणि आठवड्याने ती फाइल उघडेनाशी होते. शिवाय एक्स्टेंडर मूळ सेव्हच्या शेजारी स्वतःची एक जोडफाइलही ठेवतो, म्हणजे जपायच्या गोष्टी दोन. ज्याने शंभर तास घालवून पात्र वाढवले त्याला ‘आज खेळता येणार नाही’ हे ऐकणे परवडते.

अपडेट क्वचित आले असते तर हे सगळे निभावले असते. मूळ ३२ बिटांचा स्कायरिम मार्च २०१३ मध्ये १.९.३२ वर थांबला आणि त्याच्यावरचे मॉड आजही तसेच चालतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ६४ बिटांची ‘स्पेशल एडिशन’ आली तेव्हा एक्स्टेंडरचे काम जवळजवळ पहिल्यापासून करावे लागले आणि त्याची चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती पडायला सुमारे वर्ष गेले. तेवढ्यात, २०१७ मध्ये, कंपनीने ‘क्रिएशन क्लब’ हे गेममधलेच दुकान उघडले. दुकानात नवा माल आला की गेमचा अपडेट यायचा आणि अपडेटबरोबर एक्झी बदलायची. एखादे नवे चिलखत विकायला ठेवले म्हणून शेकडो प्लगिनांचे पत्ते हलायचे, आणि एक्स्टेंडरचा गट पुन्हा आकडे जुळवायला बसायचा. दर खेपेला येरे माझ्या मागल्या.

या जाचातूनच एक फार सुंदर उपाय निघाला. त्याचे नाव ‘ॲड्रेस लायब्ररी’. कल्पना अशी की प्रत्येक फंक्शनला कायमचा एक क्रमांक द्यायचा, आणि गेमच्या प्रत्येक आवृत्तीसाठी ‘या क्रमांकाचे फंक्शन या जागी’ अशी जंत्री एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. प्लगिनने जागा पाठ करायची नाही. सुरू होताना जंत्रीत क्रमांक शोधायचा आणि मिळेल तिथे जायचे. गेम बदलला तर एक माणूस एक जंत्री नवी करतो आणि तिच्यावर चालणारे शेकडो प्लगिन आपोआप जागेवर येतात, त्यांच्या लेखकांनी बोटही न हलवता. दोन आवृत्त्यांतली तीच ती फंक्शने एकमेकांशी जुळवायचे काम बरेचसे प्रोग्रॅमकडून करून घेता येते, कारण एकाच कंपायलरने बनवलेल्या दोन आवृत्त्यांत फंक्शनचा अंतर्गत घाट सहसा तोच राहतो.

अर्थात उपायाला मर्यादा आहे, आणि ती मॉडरांना ठेचा खाऊनच कळली. जंत्री फंक्शनच्या सुरुवातीची जागा सांगते. पण हुक पुष्कळदा फंक्शनच्या मधोमध टाकायचा असतो, सुरुवातीपासून अमुक बाइट आत. कंपनीने त्याच फंक्शनच्या आत एखादी तपासणी वाढवली तर क्रमांक बरोबर, सुरुवात बरोबर आणि आतली जागा चूक. शहाणे मॉडर म्हणून पाच बाइट बदलण्याआधी तिथे अपेक्षित सूचनाच आहे ना हे तपासतात, नसेल तर आपले ते वैशिष्ट्य बंद ठेवतात आणि लॉग फाइलमध्ये तशी नोंद करतात. सगळेच शहाणे नसतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये १.५.९७ आली आणि मग दोन वर्षे कंपनीकडून काहीच आले नाही. या दोन वर्षांच्या शांततेत प्लगिनांचे पेव फुटले. गेममधले जुने दोष दुरुस्त करणारे ‘इंजिन फिक्सेस’सारखे प्लगिन रुळले. जुने ठीक चालते आहे, असा सगळ्यांचा समज झाला. आणि मग तो कंपायलरचा इशारा आला.

कंपायलर बदलल्याने एवढे काय बिघडते? पत्ते तर दर अपडेटला बदलतच होते. इथेच या कथेतली खरी मेख आहे. कंपायलर हा नुसता भाषांतरकार नसतो, तो संपादकही असतो. प्रोग्रॅम वेगाने चालावा म्हणून तो स्वतःच्या मताने काटछाट करतो. दोन ओळींचे छोटे फंक्शन दहा ठिकाणांहून बोलावले जात असेल, तर ‘बोलावण्याचा खर्च कशाला’ म्हणून तो त्या दोन ओळी दहाही ठिकाणी उतरवून टाकतो. मूळ फंक्शन मग स्वतंत्रपणे उरतच नाही. कोणत्या फंक्शनचे असे करायचे हे प्रत्येक कंपायलर आपापल्या तर्काने ठरवतो. २०१५ च्या कंपायलरने जे वेगळे ठेवले होते ते २०१९ च्याने विरघळवले, आणि उलटही झाले. कोणती किंमत प्रोसेसरच्या कोणत्या खान्यात ठेवायची, सूचनांचा क्रम कसा लावायचा, हेही बदलले. कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी एक ओळही बदलली नाही असे धरले, तरी तयार होणारी एक्झी आतून वेगळी दिसते. जंत्रीतल्या क्रमांकापुढे लिहायला जागाच नसेल तर काय लिहिणार? घाटावरून जोडी जुळवणारे प्रोग्रॅमही इथे लंगडे पडले.

म्हणून ॲड्रेस लायब्ररीला क्रमांकांची नवी मालिका सुरू करावी लागली. २०२१ च्या आधीची एक, नंतरची दुसरी. जे प्लगिन ‘आता कोणताही अपडेट येऊ दे’ म्हणून निर्धास्त होते त्यांनाही प्रत्येक हुक पुन्हा शोधून, पुन्हा पारखून घ्यावा लागला.

हा शोध कसा घेतात ते पाहण्यासारखे आहे. नावे गळून पडतात असे वर म्हटले, पण सगळी नाही. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर काही प्रकारच्या वस्तूंची नावे एक्झीमध्ये तशीच ठेवतो, प्रोग्रॅमला चालताना त्यांची ओळख पटावी म्हणून. त्यामुळे ‘ॲक्टर’, ‘प्लेअर कॅरेक्टर’ ही नावे स्कायरिमच्या पोटात साध्या मजकुरात सापडतात. त्या नावावरून त्या वस्तूच्या फंक्शनांची यादी मिळते, यादीतल्या क्रमावरून एकेक फंक्शन ओळखता येते. दुसरा धागा म्हणजे गेममधली वाक्ये. एखादी त्रुटीची सूचना किंवा कन्सोलच्या आज्ञेचे नाव शोधायचे, ते कोणत्या फंक्शनमधून वापरले आहे ते पाहायचे, की तिथून मागे-पुढे चालत जाता येते. तिसरा धागा विशिष्ट आकड्यांचा: एखाद्या हिशेबात विचित्र दशांश संख्या असेल तर ती कंपायलर बदलला तरी सहसा तशीच राहते. असे तीनचार पुरावे एका जागेकडे बोट दाखवू लागले की मॉडर म्हणतो, सापडले. मग गेम चालवून पाहायचा. माझ्या मते हे काम प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा जुनी कागदपत्रे वाचण्याच्या जवळचे आहे, आणि ते ज्याला आवडते अशी माणसे फार थोडी असतात.

एक्स्टेंडरच्या गटाने याच वेळी आणखी एक गोष्ट केली. आधी प्रत्येक प्लगिनला ‘तू चालशील का?’ असे फक्त विचारले जायचे आणि त्याने हो म्हटले की त्याला आत घेतले जायचे. नव्या पद्धतीत प्लगिनने स्वतःचे एक प्रतिज्ञापत्र सोबत ठेवायचे. मी गेमच्या नेमक्या कोणत्या आवृत्त्यांवर चालतो, की पत्त्यांसाठी जंत्री वापरतो म्हणून आवृत्तीशी बांधलेला नाही, हे त्यात लिहायचे. १.६.६२९ या आवृत्तीत कंपनीने मेमरीतल्या काही मांडण्या बदलल्या. तेव्हा ‘मला ही नवी मांडणी ठाऊक आहे’ असा आणखी एक रकाना त्या पत्रात आला. ज्यात तो भरलेला नाही त्या जंत्रीवाल्या प्लगिनला नव्या आवृत्तीत प्रवेश नाही. नको तिथे हो म्हणणाऱ्यांची सोय बंद झाली.

याउलट ‘स्काययूआय’ची गंमत पाहा. स्कायरिमची मूळ मेनू-मांडणी टीव्हीसमोर लांब बसून कंट्रोलर हातात धरणाऱ्यांसाठी केलेली. मोठी अक्षरे, थोड्या ओळी, माउसवाल्यांचे हाल. स्काययूआयने संगणकावर खेळणाऱ्यांना वस्तूंची नीट, चाळता येणारी यादी दिली आणि तो सर्वांत लोकप्रिय मॉडांपैकी एक ठरला. तो एक्स्टेंडरशिवाय चालत नाही. पण त्याच्याकडे स्वतःची डीएलएल नाही. तो गेमच्या मेमरीला थेट शिवत नाही, एक्स्टेंडरने दिलेली फंक्शने तेवढी वापरतो. परिणाम असा की त्याच्या लेखकांनी वर्षानुवर्षे नवी आवृत्ती काढली नाही तरी एक्स्टेंडर नवा झाला की स्काययूआय उठून चालू लागतो. खालच्या थरातल्या चारपाच जणांनी झीज सोसली की वरचे हजार जण सुखाने राहतात. खालच्या चारपाच जणांना या व्यवहारात काय मिळते, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही.

पैशाचा विषय निघाला होता एकदा. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह ही कंपनी आणि बेथेस्डा यांनी व्हॉल्व्हच्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकत द्यायची सोय सुरू केली. चाहत्यांनी एवढा गदारोळ केला की चार दिवसांत ती गुंडाळावी लागली. हौसेचे काम हौसेचेच राहावे ही भावना मी समजू शकतो. पण देखभालीला हौस पुरत नाही. नवे काही घडवण्यात मजा असते, आणि तेच ते घडवलेले दर अपडेटला पुन्हा उभे करण्यात ती पहिल्या दोन खेपांनंतर संपते.

खेळणाऱ्यांनी आपला मार्ग काढला: अपडेटच घ्यायचा नाही. स्टीमला ‘मी गेम सुरू करीन तेव्हाच अपडेट कर’ असे सांगायचे आणि गेम स्टीममधून सुरू न करता एक्स्टेंडरच्या लोडरमधून सुरू करायचा, म्हणजे ती वेळच येत नाही. काहींनी गेमची नोंद ठेवणारी फाइल ‘फक्त वाचण्यापुरती’ करून ठेवली. चुकून अपडेट झालाच तर मागे नेणारी साधने आली. स्टीमच्या कन्सोलमध्ये आज्ञा देऊन जुन्या फाइली उतरवण्याची कृती तर मॉडरांना तोंडपाठ झाली. परिणामी २०२१ नंतरही कितीतरी लोक १.५.९७ वरच राहिले. समाजाचे उभे दोन भाग झाले आणि प्लगिनच्या पानावर ‘१.५.९७ साठी’ आणि ‘१.६ साठी’ अशा दोन फाइली दिसू लागल्या. गेमची व्हीआर (आभासी वास्तव) आवृत्ती तिसरी. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये गॉग या दुकानात गेम आला, त्याची एक्झी आणखी वेगळी. मायक्रोसॉफ्ट स्टोअर आणि एपिकवरच्या प्रतींसाठी एक्स्टेंडरच्या गटाने साफ नाही म्हटले. सगळ्यांना खूश ठेवायला निघालेला गट संपतो, हे त्यांना कळले होते.

जुनी आवृत्ती हाताशी ठेवणे कंपनीला फार जड जाते असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीडी प्रोजेक्ट या कंपनीने ‘विचर ३’चा मोठा अपडेट काढला, तेव्हा मॉड वापरणाऱ्यांसाठी जुनी १.३२ ही आवृत्तीही स्टीमवर निवडीसाठी ठेवली. मोजांग या कंपनीने ‘माइनक्राफ्ट’च्या बाबतीत याहून पुढचे पाऊल टाकले. त्या गेमच्या कोडमधली नावे मुद्दाम अगम्य केलेली असत आणि मॉडर वर्षानुवर्षे ती अंदाजाने उलगडत. सप्टेंबर २०१९ पासून कंपनीने प्रत्येक आवृत्तीबरोबर खऱ्या नावांची यादीच द्यायला सुरुवात केली. गेम उघडा केला नाही, हक्क सोडले नाहीत, फक्त यादी दिली. मॉडरांचा निम्मा ताप गेला.

बेथेस्डाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तिने क्रिएशन किट दिले आणि त्यातून केलेले मॉड अपडेटनंतरही बहुधा चालतात. मेमरीतले पत्ते स्थिर ठेवू, असे वचन तिने कधीच दिले नव्हते. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: वापरणारे पुरेसे असतील तर तुम्ही कबूल केलेले काय आणि न केलेले काय, तुमच्या प्रणालीच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कोणी ना कोणी विसंबलेले असतेच. ते सगळे जपायचे म्हटले तर काहीच बदलता येणार नाही. मायक्रोसॉफ्टने एके काळी तसा प्रयत्न केलाही. प्रोग्रॅमर आणि लेखक जोएल स्पोल्स्की यांनी सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. ‘सिमसिटी’ हा गेम सोडून दिलेली मेमरी पुन्हा वाचायचा. आधीच्या प्रणालीवर ते खपून जायचे, विंडोज ९५ वर कोसळले असते. म्हणून सिमसिटी चालू आहे का हे ओळखून मेमरी वेगळ्या रीतीने हाताळण्याची तजवीज विंडोजमध्येच केली गेली. चूक गेमची, भुर्दंड मायक्रोसॉफ्टचा. तेवढा मोठेपणा ज्याला परवडतो त्याने तो जरूर करावा.

उलट टोक फायरफॉक्सचे. त्याचे जुने ॲड-ऑन ब्राउझरच्या आत कुठेही हात घालू शकत आणि म्हणून ब्राउझर बदलला की मोडत. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७व्या आवृत्तीत मोझिलाने ती वाट बंद केली आणि आखून दिलेला मार्ग तेवढा ठेवला. मोडतोड थांबली, पण अनेक ॲड-ऑन कायमचे गेले, कारण ते जे करत होते ते आखलेल्या मार्गात बसतच नव्हते. स्थैर्य हवे तर मुभा सोडावी लागते. स्कायरिमच्या मॉडरांनी मुभा धरली आणि अस्थैर्याची किंमत मोजली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

एप्रिल २०२४ मध्ये हीच कथा ‘फॉलआउट ४’वर घडली, जास्त मोठ्या प्रमाणात. ‘फॉलआउट: लंडन’ हा स्वतंत्र गेमएवढा अवाढव्य मॉड हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून तयार केला होता आणि २३ एप्रिल ही तारीख जाहीर केली होती. बेथेस्डाने आपला मोठा अपडेट २५ एप्रिलला काढायचे ठरवले. मॉडवाल्यांना तारीख पुढे ढकलावी लागली. शेवटी तो २५ जुलैला आला आणि चालतो १.१०.१६३ या जुन्या आवृत्तीवर. स्टीमवर गेम घेतलेल्यांना आधी गेम मागे न्यावा लागतो.

एवढे सगळे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की प्लगिन अपडेटमुळे मरत नाहीत. अपडेट फक्त उघड करतो की यांना आता वाली नाही. २०२१ मध्ये ज्या प्लगिनांचे लेखक जागेवर होते ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरले. नोकरी लागली, लग्न झाले, दुसरा गेम आवडू लागला अशा साध्या कारणांनी ज्यांचे लेखक निघून गेले होते ते अडकले. अशा वेळी सोर्स कोड खुला असेल तर दुसरा कोणी येतो, हुकांच्या जागा बदलतो, पुन्हा कंपायल करतो. ‘कॉमनलिब’ ही खुली लायब्ररी याच कामी आली. गेमच्या आतल्या मांडण्यांचे सगळ्यांनी मिळून जमवलेले ज्ञान तिच्यात एका जागी आहे, आणि पुढे तिच्या एका शाखेने १.५, १.६ आणि व्हीआर या तिन्हींवर चालणारी एकच डीएलएल बनवणे शक्य केले. आज नव्याने लिहिणाऱ्याला निम्मी लढाई जिंकून मिळते.

सोर्स खुला असूनही भागत नाही, कारण कोडमध्ये नुसता क्रमांक आणि पुढे ‘अधिक इतके बाइट’ एवढेच लिहिलेले असते. हा हुक इथेच का, कोणत्या सूचनेवर, ती जागा कशी ओळखली, हे लिहून ठेवणारे लेखक कमी. ज्यांनी दोन ओळींची टीप लिहिली त्यांचे प्लगिन परक्या माणसाने तासाभरात उभे केले असतील.

आणि सोर्स बंद असेल, परवानगी द्यायला लेखक सापडत नसेल, तर उरतो एकच उपाय. नवा मॉडर त्या जुन्या प्लगिनची डीएलएल डिसअसेम्ब्लरमध्ये उघडतो, आकड्यांवरून ती गेममध्ये कुठे हात घालत होती ते शोधतो आणि तेच काम करणारा दुसरा प्लगिन पहिल्या ओळीपासून लिहितो, वेगळ्या नावाने.